दोन घरांच्या मधले दहा गुंठे

गंगाखेडहून दक्षिणेकडे निघालं की तासाभरात सपाट काळी जमीन संपते आणि बालाघाटाचे डोंगर लागतात. आमचं गाव त्या सांध्यावर आहे. गावाच्या दक्षिणेला जंगल खात्याचा राखीव डोंगर, उत्तरेला देवीचं रान, आणि मधे आमची शेतं. देवीचं रान जेमतेम चार एकरांचं. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही असा गावाचा नेम आहे, म्हणून तेवढं टिकलं. डोंगर आणि देवीचं रान यांच्यामधलं अंतर मी स्वतः टेप धरून मोजलं आहे. ते पाऊण किलोमीटरला थोडं कमी भरतं.

मोजायची सवय मला नोकरीनं लावली. गंगाखेडच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाच्या काट्यावर होतो. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. बैलगाडीत कापूस किती भरेल याच्या पैजा गाडीवाले आपसांत लावत. मला कितीदा विचारलं, पण मी कधी आकडा सांगितला नाही. काटा समोर असताना अंदाज कशाला सांगायचा, असं मला वाटे. घरातही माझ्या या स्वभावाची थट्टा होई. बायको म्हणे, यांना भाकरी वाढली तरी आधी हातावर तोलून बघतात.

हे लिहायला बसलो ते आमच्या थोरल्या घरच्या वहिनींसाठी. माझे चुलतभाऊ वारले तेव्हा त्यांच्या पदरी तीन एकर जमीन आणि एक मुलगा होता. त्यांनी ती शेती एकटीनं केली, मुलाचं लग्न केलं. पुढे मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागले. मग उन्हाळा लागेपर्यंत घरात त्या एकट्याच. त्यांना वाचता येत नाही. हे मी त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि त्या काय म्हणतील तेही मला साधारण माहीत आहे.

त्या साली पावसाळा सरल्यावर परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आमच्या गावी येऊ लागल्या. वय तिशीच्या पुढे, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर गुंडाळलेला नकाशा. डोंगराच्या बाजूच्या गावांतून रानाचे किती तुकडे उरलेत आणि ते एकमेकांना कुठं कुठं जोडलेले आहेत, याचा नकाशा त्या करत होत्या. गावात मुक्कामाला सोय नव्हती, म्हणून सरपंचांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. माझ्या बायकोशी त्यांचं दोन दिवसांत जमलं. माझ्याशी जमायला टेप कामी आला.

त्यांचं काम मला प्रथम कळलं नाही. रान म्हटलं की ते डोंगरावर असतं, ते जोडायचं कशाला? त्यांनी मला देवीच्या रानात नेलं आणि एका झाडाखाली बसून पालापाचोळा बाजूला केला. खाली वीतभर उंचीची टेंभुर्णीची दोन रोपं होती.

"काका, या रानात टेंभुर्णीचं मोठं झाड तुम्ही कधी पाहिलंय?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं पाहिलं. टेंभुर्णी डोंगरावर.

"मग ही आली कुठून? उदमांजर डोंगरावर टेंभुर्ण्या खातं, फिरत फिरत इकडे येतं, आणि बी इथं पडतं. पण ते उघड्या शेतातून येत नाही. त्याला आडोसा लागतो. आडोसा तुटला की हे रान एकटं पडेल. जुनी झाडं राहतील, नवी बाहेरून यायची नाहीत."

हे मला पटलं, कारण यात हिशोब होता. येणं बंद झालं तर शिल्लक किती दिवस पुरणार?

मग रविवारी मी टेपचं एक टोक धरू लागलो. आम्ही धुरे मोजले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. पूर्वी आमच्याकडचे धुरे रुंद असत, त्यावर बोरी, बाभळी, हिवर वाढलेले. ट्रॅक्टर आल्यापासून लोकांनी ते खणून पायवाटेएवढे केले. संध्याकाळी ओसरीवर ट्रेसिंग पेपर पसरून मी आकडे सांगायचो आणि बाई हिरव्या पेन्सिलीनं भरत जायच्या. पूर्वेकडून डोंगराला निघालेली एक हिरवी रेघ दोन शेतांनंतर संपली. पश्चिमेची सडकेपाशी संपली. सलग पोचणारी एकच उरली. डोंगरातून ओढ्याच्या काठानं यायची आणि ओढा वळतो तिथून देवीच्या रानापर्यंत एका दाट पट्ट्यातून जायची. तो पट्टा आमच्या आणि वहिनींच्या शेताच्या मधला. लांबी सहाशे फूट, रुंदी सरासरी अठरा. सीताफळी, बोरी, काटेरी चिल्हारीच्या जाळ्या, दोन जुने कडुलिंब, आणि आत सायाळीची बिळं.

तो मोजत असताना वहिनी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या.

"काय भाऊजी, सुट्टीच्या दिशीबी मोजायलाव? हितं कुनाचा कापूस हाय?"

मी म्हटलं, "बाईंना नकाशात घालायचाय हा पट्टा."

"घाला की. नाहीतरी तुमचाच हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "आमचा कसा, वहिनी? तो तुमच्याकडचा. आमचे वडील तसंच सांगायचे."

"काय बोलायलाव. आमचे मामंजी जलमभर म्हनले, ते धाकल्या घराचं हाय, तिथं हात लावू नका."

बाई हसू लागल्या. आम्ही दोघं मात्र हसलो नाही, कारण आम्हाला आमची घरं माहीत होती. याच दोन घरांनी एका आंब्याच्या झाडावरून कोर्टाची पायरी चढली होती. गाडीवाटेच्या चार फुटांवरून दोन वर्षं एकमेकांकडे जेवणं बंद होती. आणि दहा गुंठे जमीन दोन्ही घरांनी, दुसऱ्याची समजून, पन्नास वर्षं सोडून दिली होती.

असं कसं झालं ते मी नंतर बसून उलगडलं. त्याचं मूळ येळवशीत आहे. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यातून घेऊन आपल्या शेताला वेढा घालायचा. चालत चालत ती पिकावर शिंपायची. त्या दिवशी शेतात आलेल्या कुणालाही उपाशी पाठवायचं नाही. आता पट्ट्याच्या जागी पूर्वी ओघळ होती. आजोबांच्या वाटण्यांनंतर आमचे लोक ओघळीच्या अलीकडून आंबील शिंपत गेले, थोरल्या घरचे पलीकडून. ओघळ बुजली, झाडं वाढली, पण वेढा जिथून पडायचा तिथूनच पडत राहिला. जिथं आपली आंबील पडत नाही ते आपलं नाही, असं दोन्ही घरांनी धरलं. त्यामुळे मधली जागा आपोआप समोरच्या घराची झाली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण वहिनींनी विहिरीसाठी अर्ज केला होता, आणि त्यासाठी हद्द कायम करून हवी होती. मोजणीदार आले, साखळी ओढली गेली, आणि हद्दीची रेघ बरोबर पट्ट्याच्या मधून गेली. झुडपांतून वाट काढत त्यांच्या माणसांनी तीन दगड रोवले. दहा गुंठ्यांतले पाच आमचे, पाच वहिनींचे. ज्या जागेला मालक नव्हता तिला आता दोन झाले.

वहिनींनी त्याच आठवड्यात ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं, हरभरा निघाला की माझ्या बाजूचं मोडून द्या.

मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. म्हटलं, "वहिनी, आमच्या पाच गुंठ्यांना मी हात लावणार नाही. तुमचेही राहू द्या."

त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमचं किती एकर, भाऊजी?"

"अकरा."

"माझं?"

 हे गणित मी येतानाच केलं होतं. माझे पाच गुंठे म्हणजे माझ्या जमिनीचा शंभरातला एक भाग. त्यांचे पाच म्हणजे शंभरातले चार. सोडायचे दोघांनी सारखेच, पण ते सारखं नव्हतं.

म्हणून मी दुसरा प्रस्ताव आणला होता. पूर्वेच्या कोपऱ्यात आमची चांगली जमीन त्यांच्या जमिनीला लागून आहे. त्यातले पाच गुंठे मी त्यांना लिहून देतो, त्यांनी पट्टा राहू द्यावा.

आता त्यांनी हात थांबवला. "आंब्यापायी ज्यांनी वकील लावला, त्यांच्याकडनं मी जमीन फुकट घिऊ? उंद्या तुमचे पोरं म्हनतील, काकीला आमच्या बापानं दान दिलं. न्हाई, भाऊजी. माझं हाय तेवढं मला कसू द्या."

 त्यांचं म्हणणं रास्त होतं. रानासाठी पोट आवळायला मी सांगत होतो ते तीन एकरवालीला.

बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्या स्वतः जाऊन वहिनींना समजावतील. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, त्यांची जमीन आहे. मी नकाशा काढायला आलेय, शेत मागायला नाही." पण त्या संध्याकाळी त्यांनी हिरवी पेन्सिल हातात घेतली नाही. त्यांचा सगळा पावसाळ्यानंतरचा फेरा त्या एका जोडावर येऊन थांबला होता, हे मला दिसत होतं. हरभरा काढायला महिना उरला होता.

त्या साली येळवस आणि संक्रांत एकाच आठवड्यात आल्या. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार म्हणून सगळ्या मराठवाड्यात ताण होता. एसटी कधी सुटत होती, कधी मधूनच परत फिरत होती. जिनिंग बंद, मी गावात. बाई दोन दिवसांसाठी आल्या आणि अडकल्या. गावात काही वाईट झालं नाही, पण माणसं पारावर कमी बसत आणि रेडिओला जास्त चिकटत. माझी बायको बाईंना म्हणाली, "बरं झालं अडकलाव. येळवस बघून जावा. परभणीत काय मिळतंय, आंबील?"

येळवशीच्या दिवशी आमचा वेढा सकाळीच झाला. दुपारी वहिनींनी हाक मारली. त्यांच्याकडे वेढ्याला दोन माणसं लागत, एक मडकं धरायला आणि एक शिंपायला. मुलगा ऊसतोडीला, दूर कुठल्याशा कारखान्यावर. इतकी वर्षं भांडण असो की नसो, त्या दिवशी आमच्या घरातलं कुणीतरी मडकं धरायला जाई. मी गेलो. बाईही मागून आल्या.

ओढ्याकडून सुरुवात करून आम्ही तीन बाजू फिरलो. वहिनी लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपत होत्या, मी मडकं घेऊन मागं. चौथ्या बाजूला पट्टा आला. मी नेहमीप्रमाणे त्याच्या कडेनं वळलो, तर त्या थांबल्या.

"तिकडनं न्हाई, भाऊजी. सरकारनं दगड रोवलेत. दगडावरनं फिरायचं."

"आत जाळ्या आहेत, वहिनी."

"असू द्या. माझी जमीन हाय तर तिला आंबील नको का?"

कासोटा आवळून त्या आत शिरल्या. पहिला दगड कडेलाच होता, त्याच्यावर त्यांनी डहाळी झटकली. पुढे सीताफळींच्या खालून वाकत गेलो. मडकं कुशीत धरून मी चालत होतो. दुसऱ्या दगडापाशी पोचेपर्यंत माझा सदरा दोन ठिकाणी फाटला आणि वहिनींच्या दंडावर ओरखडे आले. मोजणीनंतर महिन्या-दीड महिन्यात वाट पुन्हा मिटली होती. दगडाच्या पलीकडे चिल्हारीची भिंतच होती. वहिनींनी पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि खांदा घातला. पदर अडकला. सोडवला, तर बाही अडकली. इतक्यात त्यांच्या पायाशी काहीतरी फडफडलं आणि तित्तरांचा एक थवा पळत पळत जाळीत नाहीसा झाला. मी दचकलो, मडकं कलंडलं, आणि निम्मी आंबील कडुलिंबाच्या बुंध्याशी सांडली.

 वहिनी वाकून सांडलेल्या आंबिलीकडे पाहत राहिल्या. तिच्या कडेला, पाल्यातून वर आलेलं एक रोप होतं. बाईंनी ते ओळखलं असणार. मीही ओळखलं, टेंभुर्णी. पण बाई काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून आठवतं.

"पुढं जायला जागाच न्हाई," वहिनी म्हणाल्या.

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण पुढे कधी त्यांना वाटू नये की मी अर्धंच सांगितलं, म्हणून म्हटलं, "वहिनी, ट्रॅक्टर आला की काटे जातील. पुढच्या येळवशीला सरळ दगडावरून शिंपता येईल."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आधी मोडायचं आन् मग शिंपायचं? मग ते कुनाला शिंपायचं, भाऊजी?"

मी मडकं सावरून धरलं.

"चला माघारी," त्या म्हणाल्या. "जितवर आंबील गेली तितवर माझं. ह्याच्या पुढचं ज्याचं हाय त्यानं बघावं. आमच्या मामंजीला काय कळत न्हवतं का."

आम्ही आलो तसे बाहेर आलो. उरलेली आंबील त्यांनी पट्ट्याच्या कडेकडेनं शिंपली, जिथून त्यांचे सासरे शिंपत होते तिथून. वेढा पुरा झाला. कोपीत बसल्यावर त्यांनी आधी बाईंच्या ताटात भज्जी वाढली, मग माझ्या. बाईंनी खाली मान घालून दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं नुकसान होतंय."

"व्हायलंय की. मला मोजता येत न्हाई व्हय?" वहिनी म्हणाल्या. "पर एक हाय. त्यातली सीताफळं दोन्ही बाजूची मी उतरवनार. भाऊजीच्या घरच्यांनी तिकडं बघायचं न्हाई."

"कबूल," मी म्हटलं.

"आन् मडकं धरायला पुढल्या साली दुसरं कुनीतरी पाठवा. तुमचे हात कापसाच्या कामाचे."

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला बसावं लागलं.

संक्रांतीला नामांतराची बातमी रेडिओवर आली. एसटी नीट सुरू व्हायला आणखी काही दिवस गेले. बाई गेल्या. हरभरा निघाल्यावर ट्रॅक्टर आला, वहिनींनी तीन एकरांत फिरवला आणि पट्ट्यापाशी हात आडवा केला. विहीर लागली, पाणी बेताचं, पण उन्हाळ्यापर्यंत पुरतं. सीताफळं त्या दर साली टोपल्यांनी गंगाखेडला पाठवतात. किती जातात ते मी मोजत नाही. कबूल केलं आहे.

पुढच्या वर्षी बाई पुरा झालेला नकाशा घेऊन आल्या. डोंगर हिरवा, देवीचं रान हिरवं, आणि मधे एक बारीक हिरवी रेघ. मी पट्टी लावून पाहिली आणि म्हटलं, "बाई, या प्रमाणात अठरा फूट म्हणजे केसाएवढंसुद्धा भरणार नाहीत. तुम्ही रेघ फार जाड काढलीय."

"काका, नकाशात सडकासुद्धा आहेत त्याहून जाड काढतात. नाहीतर कुणाला दिसल्याच नसत्या."

हे मी मान्य केलं. आकड्यांत चूक होती, पण तशी ती राहू दिली. वहिनींना नकाशा दाखवला, तर त्यांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "माझी विहीर कुठंय ह्याच्यात?" विहीर नव्हती. बाईंनी तिथंच पेन्सिलीनं एक बारीक निळा ठिपका दिला.

देवीच्या रानातल्या त्या दोन टेंभुर्ण्या आता माझ्या कमरेच्या वर गेल्या आहेत. फळ धरायला अजून वर्षं लागतील. रानात कधी गेलो की त्यांच्यापाशी उभा राहतो आणि वहिनींची आठवण येते, खरं तर त्या दोन शेतं पलीकडे हाकेच्या अंतरावर असतात. येळवशीला मी आधी त्यांच्या कोपीत जेवतो, मग आमच्या. माणसाचे उपकार तोलता येत नाहीत, निदान माझ्या काट्यावर तरी नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

गेल्या वर्षी हद्दीचे दगड जागेवर आहेत का, ते बघायला गेलो होतो. पहिला सापडला. दुसरा वाकून, पाला सारून सापडला. तिसऱ्यापर्यंत जाता आलं नाही.